टावेल टाकून धरलेली जागा

बस औरादच्या स्टँडातनं निघाली तवा तात्याराव उभेच व्हते. सकाळधरनं छातीत चमक निघायली व्हती, कपाळावर घाम, तरी बी डायवरच्या पाठीमागच्या सीटापाशी दांडा धरून उभे. सीट रिकामं व्हतं. त्या सीटाच्या वर पत्र्याच्या पट्टीवर कन्नडात लिवलेलं, शासकरिगे. मंजे आमदारासाठी राखून ठेवलेलं. बाजाराचा दिवस, गाडीत कोंबड्या, पोती, माणसं, एकावर एक, आन मधी ते एक सीट देवाच्या पाटावानी मोकळं.

"बर्री शासकरे, कुंदर्री," कंडाक्टर गुरुशांतप्पा मनला. या आमदारसाहेब, बसा. रोजच मनायचा. त्याची नोकरी ह्याच लायनीवर जुनी झाल्ती आन हे वाक्य बी.

"तुझं तिकीट फाड आदी," तात्या मनले.

"शासकरिगे टिकेट इल्ल अण्णा." मंजे आमदाराला तिकीट न्हाई.

"बसलेल्याला न्हाई. उभ्याला हाय. फाड."

तात्यांची बायको चांगुणाबाई इंजनाच्या झाकणावर बसली व्हती, मांडीवर गठुडं. तिनं नवऱ्याचं तोंड बगितलं. बीदरला डाक्टरला दाखवायला निगाले व्हते, पर तात्यांनी सगळ्या बसला सांगितल्तं की पोरीकडं चाललोय मनून.

"बसा की वो," ती मनली. "कुणाच्या बापाची जागा हाय ती? तोंड बगा कसं राखंवानी झालंय."

तात्या हसले. बायकोकडं बगितलं, आन मनले, "येळवस होऊ दे गं. मग बसतो."

सगळी बस खदाखदा हसली. गुरुशांतप्पा बी हसला. एकटी चांगुणाबाई हसली न्हाई. तिनं पदर तोंडाला लावला आन खिडकीकडं बगायला लागली. बारा वर्षं झाली, ह्या माणसानं आमदारकीच्या गोष्टीत येळवसच्या सणाचं नाव कवा काढलं न्हवतं. आजच कामून काढलं? टोमणा मारला का मस्करी केली? तिनं ठरवलं, बीदरला उतरल्यावर इचारायचं.

संतपूरला एक लेकुरवाळी चढली. तात्यांनी तिला त्या सीटावर बसवलं, जसं कायम कुणाला ना कुणाला बसवायचे. तिथनं बीदरपस्तोर ते दांड्याला धरून उभे. लेकरू त्यांच्या खांद्यावरच्या टावेलाचं टोक वडायलं व्हतं, ते त्याला वडू द्यायले.

बीदरच्या स्टँडात उतरले आन कट्ट्याच्या फरशीवर खाली बसले. "जरा पाणी आण," मनले. चांगुणाबाई नळावर गेली. नळाला धार बारीक, तांब्या भरंना. भरून आणला तवर तात्या भितीला टेकून बसलेले, डोळे उघडे, टावेल मांडीवर. माणूस जन्मभर बसत न्हवता आन बसला तर स्टँडच्या फरशीवर. पाणी तसंच ऱ्हायलं. इचारायचं बी तसंच ऱ्हायलं.

आता ही येळवसची आन आमदारकीची भानगड काय, ते सांगावं लागंल. तात्यांना साऱ्या औराद तालुक्यात आमदार मनायचे. लहान लेकरं बी. काईंना तर त्यांचं नाव तात्याराव हाय हेच म्हाईत न्हवतं.

तात्याराव चिंचखेडचे. घरी थोडकी जमीन, पर खरा धंदा बैलाच्या बाजारात दलालीचा. घेणारा एका अंगाला, देणारा एका अंगाला, मधी तात्या. टावेलाखाली हात घालायचा, बोटं धरायची, भाव बोटात. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा, पोरीच्या लग्नाच्या, आन खाली टावेलात खरं काय ते. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला कळत न्हाई बैल केवढ्याला गेला. तात्यांचा टावेल पांढरा, लाल काठाचा. धुऊन धुऊन मलमलीवानी झाल्ता.

त्यांच्या जोडीला बाबूलाल. तो बी दलाल, सायकलवर फिरायचा, बोलायचा मराठी पर दोन शब्दाला एक हिंदी. दोघांनी निजामाचं राज बगितलं, मग आमी म्हैसूरात गेलो ते बगितलं, मग म्हैसूराचंच नाव बदलून कर्नाटक झालं ते बी बगितलं. बैल तेच, बाजार तोच, फकस्त पावतीवरची भाषा बदलत गेली. आदी उर्दू, मग कन्नड. वाचता दोन्ही येत न्हवती मनून तात्यांना कायच फरक पडला न्हाई.

सत्याहत्तर सालात हिकडचे जुने आमदार वारले. जागा मोकळी झाली. असेंब्लीची मुदत खरं पाच सालाची, ती आणीबाणीत ताणून सहा केली व्हती, तरी बी आता तीन-चार महिनेच उरले व्हते. तेवढ्यासाठी पोटनिवडणूक लागली. मोठ्या लोकान्ला कायच गोडी वाटंना. दात पडलेल्या बैलाला दाणा कोण घालतंय?

हिकडचं मोठं माणूस मंजे बसवंतप्पा. पेट्रोल पंप, भुसार दुकान, जीप. आमदार व्हायचं त्यांनी तरणेपणीच ठरवलं व्हतं, पर ही तीन महिन्याची शिळी भाकर त्यान्ला नको व्हती. मोठ्या निवडणुकीचं ताजं ताट पायजे व्हतं. पर मधीच दुसरा कोण येऊन बसला आन उठंनाच, तर? मनून ते बैलाच्या बाजारात आले. तात्या लिंबाखाली उभे व्हते.

"तात्या, उभा रहा."

"उभाच हाय की अप्पा."

"इलेक्शनला मनायलोय."

तात्या हसायला लागले. "मला कन्नड बैलापुरतं येतंय अप्पा. तिथं बंगळूरात काय बोलू?"

"तिथं कुणाला बोलायचंय? तुला बसायचंय. बसमधी खिडकीतनं टावेल टाकून जागा धरतोस का न्हाई? तसंच. तू फकस्त टावेल टाक. मोठं इलेक्शन आलं की मी येऊन बसतो."

"आन टावेलाचं काय करताव मग?"

"तुझा टावेल तुला वापस," बसवंतप्पा मनले. आन मग हळूच मनले, "आसेंब्लीत बी बाजारासारखंच असतंय तात्या. वरनं गप्पा, खालनं बोटं. फकस्त टावेल तेवढा दिसत न्हाई."

तात्या घरी आले आन चांगुणाबाईला सांगितलं. तिला वाटलं पिऊन आलेत. तोंडाचा वास घेतला. मग खरं हाय मनल्यावर चुलीपुढं बसून ऱ्हायली.

समोरच्या पार्टीनं बी तोच इचार केल्ता. त्यांनी बी एक टावेलच उभा केला, मारुतीच्या देवळातला पुजारी. दोन टावेलांची कुस्ती. सभा न्हाई, लाऊडस्पीकर न्हाई. बाबूलाल सायकलवर गावोगाव जायचा आन मनायचा, "भाईलोग, जिसने तुमारे बैल का दात देखा, उसको वोट देव." लोकान्ला हसू यायचं. पर ज्याच्या-त्याच्या गोठ्यात तात्यांनी आणून दिलेला एक तरी बैल व्हता, आन तो बैल कुणाचा लंगडा निगाला न्हवता. तात्या निवडून आले. लई मतानं न्हाई, पर आले.

गुलाल लावून घरी आले तवा चांगुणाबाईनं ओवाळलं. ती कवा कायच मागत नसायची. त्या दिवशी मागितलं.

"तिथं खुर्ची असती मनं तुमच्या नावाची?"

"असंल की."

"मग बसल्यावर फोटू काढून आणा. मला बगायचंय तुमी कसं बसताव ते."

एवढंच तिला पायजे व्हतं. जन्मभर तिनं नवऱ्याला उभंच बगितलं व्हतं. बाजारात उभा, बैलामागं उभा, बसवंतप्पाच्या दारात चप्पल काढून उभा. एकदा ह्या माणसाला कुणीतरी बसा मनावं, आन त्यानं बसावं.

तात्यांनी कोट शिवला. काळा. शपथ कन्नडात घ्यायची मनून हट्ट धरला. बाबूलाल मनला, "मराठीत घेतली तर चालती रे." तात्या मनले, "पाव्हण्याच्या घरी जेवायला गेलं तर त्याच्या ताटात जेवावं." शपथ शिकवायला धरलं कुणाला? गुरुशांतप्पाला. तवा तो तरणा कंडाक्टर, नवाच लायनीवर आलेला, मिशी बी धड फुटली न्हवती. तो तिकीट फाडत फाडत एक एक वाक्य सांगायचा, तात्या मागनं मनायचे, आन सगळी बस मनायची. चार-आठ दिवसात औराद-बीदर लायनीवरच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची बी शपथ पाठ झाली. घरी आल्यावर तात्या गोठ्यात बैलापुढं मनून बगायचे. बैल मान हलवायचा.

"बग," तात्या मनायचे, "सभागृहानं मंजूर केलं."

बाबूलाल मागं लागला. "चल, सोमवारी निकलते. हैदराबाद, तिथनं रेल्वे. मै आतु साथ में."

निगायचं ठरलं. कोट पिशवीत घातला. आन चांगुणाबाई आडवी आली.

"येळवस तोंडावर आलीय," ती मनली.

आता हिकडं येळवस मंजे काय ते भायेरच्याला सांगून कळायचं न्हाई. मार्गशीर्षाच्या अमावास्येला सगळं गाव रिकामं होतंय, घराला कुलूप, माणसं रानात. कडब्याची कोप, मंजे खोपटं, करायची, आत पाच दगडाचे पांडव मांडायचे, चुना लावायचा. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आन घरच्या मालकानं आंबिलीचं मडकं घेऊन रानाभवती फिरायचं, शिपडत, वरडत. मालक नसला तर ते रान सालभर रुसून ऱ्हातंय मनतेत.

"मालकच नसल्यावर रानाभवती कोण फिरणार? मी?" ती मनली. "नऊ-दहा दिवसाचा तर सवाल हाय. येळवस करा आन जावा. मग तिथं कितीबी दिवस बसा."

बाबूलाल कपाळाला हात लावून बसला. "अरे भाभी, असेंब्ली हाय ती!"

"मग ती काय पळून चाललीय?" चांगुणाबाई मनली. "एवढी मोठी दगडाची इमारत. फोटूत बगितलीय मी."

तात्यांनी कोटाची पिशवी जवळ वडली. त्यान्ला बी खरं तर येळवस सोडवत न्हवती. कोट पिशवीतनं काढून खुंटीला लावला. "न्हाई पळत," मनले. "आदी येळवस, मग असेंब्ली."

आन असेंब्ली पळाली.

त्या सालचा शेवटचा दिवस सरला आन दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या रानात कोप बांदायलेले. वर चढून कडब्याच्या पेंढ्या आवळायलेले. चांगुणाबाई खालनं पेंढ्या द्यायली. तेवढ्यात बांदावरनं बाबूलाल सायकल आपटत आला.

"तात्या! असेंब्ली गेली!"

"कुठं गेली?"

"बरखास्त! रेडिओला सांगितलं. आता राष्ट्रपतीची राजवट. आमदार-फामदार सब खतम."

तात्या कोपीवरच बसले. हातात सुतळी तशीच. "सगळ्यांचीच गेली?"

"सबकी गेली."

"मग मी एकटाच न्हाई."

"त्यांची बसून गेली रे," बाबूलाल मनला, त्याला रडू यायलं व्हतं. "तुझी उभ्यानं गेली."

चांगुणाबाईच्या हातातली पेंढी खाली पडली. कुणी उचलली न्हाई.

येळवस तर झालीच. ती काय दिल्लीहून बरखास्त होत न्हाई. त्या दिवशी शेजारच्या शेताशेतातनं लोकं जेवायला आले, खरं तर आमदार बगायला आले. तात्या मडकं घेऊन रानाभवती फिरले, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" अशी येळवसची आरोळी देत, दरसालापेक्षा मोठ्यानं. मग जेवताना कुणीतरी मनलंच, "काय हो आमदार, एक येळवस चुकली असती तर पांडव काय वनवासात गेले असते का?"

सगळे हसले. चांगुणाबाई भज्जी वाढायली व्हती. पळी तशीच वर ऱ्हायली.

"येळवसचं काय न्हाई गा," तात्या मनले. "तांबड्या बैलाच्या खुरात काटा गेल्ता. पू झाल्ता. जनावर असं सोडून कसं जावं?"

तांबडा बैल तिथंच बांदावर उभा व्हता. चारी पाय ठणठणीत. कडबा खायलेला. पर तात्या बैलाचे दलाल, त्यांनी बैलाच्या पायाबद्दल सांगितल्यावर कोण काय मननार? तवापस्नं बारा वर्षं तीच गोष्ट चालली. खुरात काटा. ज्यानं इचारलं त्याला खुरात काटा. बैल म्हातारा होऊन मेला, काटा काय निगाला न्हाई. आन चांगुणाबाईनं बी कवा इचारलं न्हाई की तुमी खोटं कामून बोलताव. म्हाईतच व्हतं.

फेब्रुवारीत मोठी निवडणूक झाली. बसवंतप्पा उभे ऱ्हायले, निवडून आले, शपथ घेतली, बसले. चांगले बसले. तीनदा बसले, तीन पार्टीत. बंगळूरहून आलेले लोक सांगायचे, अप्पा सभागृहात जेवण झाल्यावर डोळे मिटून बसतेत, आन मतदान आलं की शेजारचा ढोसतो तवा हात वर करतेत. तेच चांगलं, तात्या मनायचे, जागा असल्यावर हात कवा वर करायचा तेवढं कळलं की झालं. आन तात्यांचा टावेल तात्यांना वापस मिळाला, कबूल केल्याप्रमाणं. बसवंतप्पानी शब्द फिरवला न्हाई.

चिंचखेडला पयली बस सुरू झाली त्याचं उद्घाटन बसवंतप्पाच्या हातानं. नारळ फुटला, हार घातले, आन अप्पा त्या राखीव सीटावर बसले. फोटू झाला. गावाच्या वेशीपस्तोर बसनं गेले, तिथं त्यांची जीप उभीच व्हती. उतरताना तात्या पायरीपाशी दिसले. तात्या मस्करीनं मनले, "अप्पा, आता मी बसू का?"

अप्पा मस्करीनंच मनले, "तू निवडून आलास तात्या, बसला न्हाईस. बसलेल्यानंच बसावं ह्या जागेवर. कायदा हाय."

लोकं हसली. तात्या बी हसले. पर तवापस्नं ते बसमधी बसले न्हाईत. त्या सीटावर न्हाई, आन दुसऱ्या बी न्हाई. कुणी उठून जागा दिली तर मनायचे, "मला माझी जागा असताना मी दुसऱ्याची कशाला घेऊ?" मग तुझ्या जागेवर बस मनलं तर, "तिथं बसायला शपथ लागती." असं दोन्हीकडनं आडवं. उन्हाळा असो, बाजार असो, दांडा धरून उभे. गुरुशांतप्पा बस सुटायच्या टायमाला ते सीट कुणाला बसू द्यायचा न्हाई, तात्या दारात आले की "बर्री शासकरे" मनायचा, तात्या तिकीट काढायचे आन मग एखाद्या पोटुशीला, एखाद्या आंधळ्याला तिथं बसवायचे. बसवंतप्पापेक्षा त्या जागेवर तात्यांनीच जास्त लोकं बसवली असतील.

माजी आमदारांना पेन्शन सुरू हाय मनून बाबूलालनं एकदा त्यांना बीदरला ओढत नेल्तं. तिथल्या सायबानं चहा पाजला आन सांगितलं, शपथ न्हाई तर मेंबर न्हाई. तात्या मनले, "बराबर हाय. दातच बगितले न्हाईत तर बैल कसला." घरी येऊन चांगुणाबाईला मनले, "चहा चांगला व्हता."

ती भांडी घासायली व्हती. घासत ऱ्हायली. तिला वाटायचं, ह्या माणसानं एकदा तरी मनावं, तुझ्यामुळं झालं. एकदा भांडावं. मग ती बी भांडली असती, रडली असती, आन झालं असतं मोकळं. पर ते मनायचे, खुरात काटा.

तात्यांना बीदरहून आणलं ते बसवंतप्पाच्या जीपमधनं. अप्पा त्या दिवशी बीदरातच व्हते, निवडणुकीच्या तिकिटासाठी फिरायले व्हते, कारण त्या उन्हाळ्यात असेंब्ली परत बरखास्त झाल्ती आन अप्पा बी मोकळेच व्हते. असेंब्ली बरखास्त झाली तरी जीपवरची आमदार मनून लिवलेली पाटी काय बरखास्त झाली न्हवती. तर तात्या आमदाराच्या गाडीत आले. बसून न्हाई, आडवे.

मातीला लई लोकं. बैलाच्या बाजारातली सगळी. अप्पानी आदी एकदा गर्दी बगितली, मग भाषण केलं. मनले, विधानसभेचा एक बुलंद आवाज हरपला. बाबूलाल ह्याच्या-त्याच्या तोंडाकडं बगायला लागला. आवाज? कुठला आवाज? गेलाच न्हवता तो. अप्पा मनले, नवी असेंब्ली बसली की पयल्या दिवशी शोकप्रस्ताव मांडतो. तात्यांचं नाव घेतील, आन सगळं सभागृह दोन मिनटं उभं ऱ्हाईल.

चांगुणाबाई बायकांत बसली व्हती. तिथनंच बोलली. सगळ्यांना आयकू गेलं.

"उभं ऱ्हाऊन काय करायचंय अप्पा? ते जन्मभर उभेच व्हते. बसायचं काय असंल तर बोला."

अप्पानी हात जोडले. "बसू, बसू," मनले, आन जीपमधी जाऊन बसले.

नव्या निवडणुकीत अप्पा पडले. शोकप्रस्ताव मांडायला कुणी ऱ्हायलं न्हाई. दोनशे चोवीस नवे आमदार शपथ घेऊन बसले, त्यात तात्यांचं नाव ठाऊक असणारा एक बी न्हवता. त्यांचा तरी काय दोष.

मग येळवस आली. चांगुणाबाईला सगळे मनले, औंदा दुखवटा हाय, नको करू. तिनं आयकलं न्हाई. बाबूलालनं कोप बांदली, वाकडी बांदली. मडकं घेऊन रानाभवती कुणी फिरावं ह्यावर भावकीत कुजबुज चालू झाली, तवर ही बाई मडकं उचलून चालायला बी लागली. शिपडत, वरडत, पूर्ण फेरा. घाम पुसायला खांद्यावर तात्यांचा टावेल. रान रुसलं का न्हाई ते रानाला म्हाईत.

दुसऱ्या दिवशी भज्जी आन आंबील घेऊन ती बीदरला निगाली, पोरगी सुशीलाकडं. बाबूलाल औरादच्या स्टँडापस्तोर सोडायला आल्ता. बस लागली. येळवसची माणसं आपापल्या गावाला वापस जायलेली, दारात हीऽ रेटारेटी. चांगुणाबाई दाराकडं गेलीच न्हाई. गाडीच्या अंगानं पुढं गेली, डायवरच्या मागच्या खिडकीपाशी टाचा उंच केल्या, आन खांद्यावरचा टावेल खिडकीतनं आत टाकला. मग दारातनं चढली आन इंजनाच्या झाकणावर बसली, मडकं मांडीवर.

एक जाडा माणूस आला. "अक्का, टावेल कुणाचा?"

"आमदाराचा."

"कुठं हैत?"

"हैत."

त्यानं हिकडं तिकडं बगितलं. पुढारी कुठं दिसंना. पर आमदाराचा टावेल कुणी उचलावा? तो दांडा धरून उभा ऱ्हायला. बस सुटली. मागनं कुणीतरी वरडलं, "अरे जागा रिकामी हाय की तिथं! म्हातारीनं उगं अडवलीय!" दुसरा मनला, "आमदार कवाच येळेवर येतेत का? बसून घे." पर बसलं कुणीच न्हाई.

गुरुशांतप्पा तिकीटं फाडत पुढं आला. आता मिशीत दोन-चार केस पांढरे, डोळ्याला चष्मा. "अव्वा, एक बीदर?" मनला. तिनं पैशे दिले, त्यानं तिकीट दिलं. मग त्याची नजर सीटावर गेली. पांढरा टावेल, लाल काठ, मधी विरलेला. तो हलायचा थांबला. गाडी हलायली, तो उभाच.

"आन हे?" त्यानं हळू इचारलं.

"काल येळवस झाली," चांगुणाबाई मनली.

गुरुशांतप्पानं चष्मा वर केला. खड्ड्यानं टावेल सीटाच्या कडेला घसरला व्हता, तो त्यानं दोन्ही हातानं नीट केला, मधोमध ठेवला.

"शासकरिगे टिकेट इल्ल," मनला, आन गर्दीत मागं सरकला. "कोण ऱ्हायलंय? संतपूर, संतपूर!"